ओळख कोणी कोणास पटवावी?

‘विश्वास तर पानिपतावरच गेला,’ असे आपण मराठी माणसे सहज बोलून जातो. विश्वासरावांच्या नावावरची ही कोटी सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु पानिपतावरून परत न आलेल्या दुसऱ्या एका पुरुषाच्या नावाने पुढे पंधरा वर्षे महाराष्ट्रात जे घडले, ते लक्षात घेतले म्हणजे ही नुसती कोटी राहत नाही. ‘मी अमुक आहे’ असे कोणी सांगितले, तर ते खरे कशावरून मानावे? आणि ‘तू कोण ते सिद्ध कर’ असे कोणी दरडावले, तर तसे विचारण्याचा त्यास अधिकार कोणता? हे दोन प्रश्न आज आपल्या उपनगरांतील घराघरांत टेलिफोनच्या काचेवर रोज उभे राहतात. बँकेच्या नावाने निरोप येतो, ‘केवायसी’ची मुदत संपल्याचा इशारा येतो, आधारपत्राची छबी आणि चेहऱ्याचे चित्र मागितले जाते. प्रश्न नवे वाटतात, पण ते नवे नाहीत. त्यांच्या मागे दोनअडीचशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा बराचसा भाग आपल्याच भूमीत घडला आहे. त्याचा थोडा मागोवा घेण्याचा आमचा येथे विचार आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी लोकांची खातरी पटेना. पत्नी पार्वतीबाईंनी ते गेले असे अखेरपर्यंत मानले नाही. अशा वेळी भाऊसाहेब म्हणवून घेणारा एक कनोजी ब्राह्मण उत्तरेत प्रकट झाला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत तो पकडला गेला, तोतया ठरला आणि किल्ल्यांच्या बंदीत पडला. येथे ही कथा संपावयास हवी होती. परंतु १७७६ साली रत्नागिरीस असलेला हा कैदी तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांच्याच आश्रयाने मोकळा झाला, भाऊसाहेब म्हणून मिरवू लागला, आणि पाहता पाहता कोकणातील कित्येक किल्ले व हजारो माणसे त्याच्या पाठीशी उभी राहिली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याच्या फौजेचा मोड केल्यावर तो मुंबईचा आश्रय गाठण्याच्या बेताने निघाला असता रघूजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यास आणून त्याची चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्यास देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर लिहिले.

ज्या साष्टी बेटावर आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर उभी आहेत, ते बेट इंग्रजांनी या बंडाच्या आधी थोडेच दिवस, १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला घेऊन, आपल्या हाती आणले होते. म्हणजे तोतया पळाला तो अशा सत्तेच्या आश्रयास, की जिला त्याची ओळख खरी की खोटी यापेक्षा ती उपयोगी किती, हे अधिक मोलाचे होते. ओळखीचा व्यवहार राजकारणापासून कधीच अलिप्त नसतो, हा या प्रकरणाचा पहिला धडा. दुसरा धडा अधिक घरगुती आहे. तोतयावर इतक्या माणसांनी विश्वास ठेवला, तो काही त्याच्या तोंडवळ्यामुळेच नव्हे. भाऊसाहेब परत यावेत, असे अनेकांस मनापासून वाटत होते; आणि बारभाईंच्या कारभारास विटलेल्या काहींस तसे घडणे सोयीचे होते. ज्यास विश्वास ठेवावयाचाच आहे, किंवा जो भयाने गांगरला आहे, त्याच्याकडून पारख होत नसते. आशा आणि भीती ही तोतयाची दोन शस्त्रे त्या काळी होती आणि आजही तीच आहेत.

मग त्या काळी ओळख पटविण्याची काही रीत होती की नाही? होती आणि ती बारकाईने ठरलेली होती. शिवकालीन पत्र पाहिले तर त्याच्या शिरोभागी मुद्रा असते आणि मजकूर जेथे संपतो तेथे लहान मोर्तब असते. मुद्रा सांगे, हे पत्र कोणाचे. मोर्तब सांगे, मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एक अक्षर घालील तर ते आमचे नव्हे. लांब कागद चिकटवून जोडले असतील तर सांध्यावर शिक्का मारीत, म्हणजे मधले पान कोणी बदलू नये. पत्र दफ्तरी नोंदले गेल्याच्या खुणा त्यावर पडत. मजकूर कारकुनाच्या हातचा असला तरी अखेरची काही अक्षरे धन्याने स्वहस्ते लिहावयाची, ही पेशवाईतील वहिवाट होती. नारायणरावांच्या वधाच्या संबंधात ‘ध’ चा ‘मा’ केल्याची आख्यायिका आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. तिच्या खरेखोटेपणाचा वाद येथे नको. परंतु एका अक्षराच्या फेरफाराने माणसाचा जीव जाऊ शकतो, ही जाणीव समाजास होती, एवढे त्या कथेवरून खास दिसते.

गावपातळीवर रीत निराळी होती. लिहिता न येणारा पाटील कागदावर नांगराची निशाणी करी. परंतु त्या निशाणीचे बळ नांगराच्या चित्रात नव्हते. ते भोवती बसलेल्या गोतात होते. महजर होई, गावचे वतनदार आणि बलुतेदार साक्षीस असत, आणि ‘हाच तो’ असे चारचौघे सांगत. ही पद्धत निर्दोष होती असे मुळीच नव्हे. गोतास जो नकोसा त्याची साक्ष कोण देणार? ज्यांस गावकुसाबाहेर ठेवले होते, त्यांच्या शब्दास तेथे किती किंमत होती, हे सांगावयास नको. तथापि या जुन्या व्यवहाराचा एक गुण विसरता येत नाही. हुकूम करणाराही आपली ओळख पटवीत असे. मुद्रा प्रजेच्या हातावर नव्हती. ती राजाच्या पत्रावर होती. कागद आणणाऱ्यास ‘शिक्का कोठे आहे?’ असे विचारण्याचा रयतेस अधिकार होता. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपल्या भाषेत उरला आहे तो याच अर्थाची आठवण म्हणून.

इंग्रजी अमलात या व्यवहाराची दिशा उलटली. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर साऱ्या पंजाचा ठसा घेतला. हेतू एवढाच, की पुढे या गृहस्थाने सही नाकारू नये. १८७७ साली हुगळीस असताना त्याने बोटांच्या ठशांचा उपयोग पेन्शनरांसाठी व खरेदीखतांच्या नोंदणीसाठी सुरू केला. मेलेल्या पेन्शनराच्या नावाने दुसऱ्याने पैसे उचलू नयेत, ही त्यातील सोय वाजवीच होती. पुढे १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे सरकारी कार्यालय निघाले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी ठशांची वर्गवारी करण्याची रीत सिद्ध केली. तिला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे मिळाले. १९०१ मध्ये ती लंडनच्या पोलिसांनी स्वीकारली. म्हणजे ज्या विद्येवर आज जगभर ओळख पटविली जाते, तिचा पहिला मोठा प्रयोग आपल्या देशातील माणसांच्या बोटांवर झाला.

आणि तो कोणाच्या बोटांवर झाला, हे पाहिले पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९११ च्या कायद्यानंतर त्याचा अंमल मुंबई इलाख्यातही झाला. नावे नोंदवावयाची, ठसे द्यावयाचे, ठरल्या वेळी हजेरी लावावयाची आणि गाव सोडावयाचे तर परवाना घ्यावयाचा. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या. येथे ओळखपत्र हे माणसाच्या हक्काचे साधन राहिले नाही. ते त्याच्या पायातील बेडी झाले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. स्वातंत्र्य इतरांस १९४७ साली मिळाले, या बांधवांस त्यासाठी आणखी पाच वर्षे थांबावे लागले. आणि नोंदवहीने लावलेला डाग तर त्यानंतरही पुष्कळ वर्षे पुसला गेला नाही. एकदा लिहिलेली ओळख पुसणे किती कठीण असते, हे ज्यास समजून घ्यावयाचे आहे त्याने पारधी समाजाचा इतिहास वाचावा.

याच सुमारास समुद्रापलीकडे एक निराळे दृश्य घडत होते. ट्रान्सवालच्या सरकारने १९०६ साली हिंदी लोकांवर नोंदणीची आणि दहा बोटांच्या ठशांची सक्ती आणली. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत हिंदी लोकांनी तो कायदा न मानण्याची शपथ घेतली आणि सत्याग्रहाचा उगम झाला. जानेवारी १९०८ मध्ये तडजोड झाली. कायदा मागे घ्यावा आणि लोकांनी स्वखुषीने नोंदणी करावी, असे ठरले. तेव्हा गांधीजी स्वतः ठसे देण्यास निघाले. रागावलेल्या देशबांधवांनी वाटेत त्यांच्यावर प्राणघातक हल्ला केला. तरीही अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ठसे दिले. पण सरकारने शब्द पाळला नाही असे दिसताच १६ ऑगस्ट १९०८ रोजी दोन हजारांहून अधिक परवान्यांची होळी झाली. पुष्कळांस यात विसंगती वाटते. ठसे द्यावयाचे नव्हते तर दिले का, आणि दिले तर परवाने जाळले का? वस्तुतः येथे विसंगती नाहीच. विरोध शाईस नव्हता, बोटासही नव्हता. विरोध सक्तीस होता. संमतीने दिलेली ओळख आणि दमदाटीने घेतलेली ओळख या दोन भिन्न वस्तू आहेत, ही गोष्ट गांधीजींनी त्या वेळी कृतीने दाखविली.

आता आपल्या मुंबईकडे वळू. १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९७ च्या साथीच्या कायद्याने रेल्वे स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. कोण, कोठून आला, कोठे चालला, याची झडती सामान्य माणसास प्रथमच एवढ्या प्रमाणावर द्यावी लागली. त्यानंतर मे १९४३ मध्ये युद्धाच्या टंचाईत मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले, आणि रेशनकार्ड घरात आले. ते केवळ धान्यासाठी होते. परंतु त्यावर घरातील माणसांची नावे, वये आणि पत्ता होता, त्यामुळे हळूहळू शाळा, नोकरी, गॅसची शेगडी, टेलिफोन या साऱ्यांसाठी तेच पुढे करावे लागले. एका कामासाठी निघालेला कागद दहा कामांस जुंपला जातो, हा ओळखपत्रांचा स्वभावच आहे. १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली मुंबईची हद्द वाढून ही उपनगरे बृहन्मुंबईत आली, वस्ती दाटत गेली आणि शेजाऱ्याच्या ओळखीची जागा कागदाच्या ओळखीने घेतली.

येथे नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७६ साली सरकारने झोपडपट्ट्यांची गणना करून रहिवाशांस छायाचित्रांचे पास दिले. पुढे १ जानेवारी १९९५ किंवा १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा असेल तरच पर्यायी घर, असे नियम आले. ज्या कुटुंबाजवळ कागद होता त्यास घर मिळाले. ज्याचा कागद पुरात भिजला किंवा आगीत जळला, त्याची वणवण झाली. तेव्हा ‘आम्हांस कोणी ओळखू नये, कोणी विचारू नये’ असे म्हणणे हे सुखवस्तू माणसाचे चोचले ठरू शकते. गरिबास आपली ओळख कोणीतरी मान्य करावी, हीच मोठी निकड असते. तात्पर्य, ओळख पटविणे वाईट नाही. प्रश्न आहे तो कशासाठी, कोणापुढे आणि कोणत्या मर्यादेत, एवढाच.

हा प्रश्न २९ सप्टेंबर २०१० रोजी पुन्हा महाराष्ट्रातूनच नव्या रूपाने उभा राहिला. त्या दिवशी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. बारा आकडे, दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांची आणि चेहऱ्याची छबी, असा हा संच. ज्यांच्याजवळ कोणताच कागद नाही त्यांस ओळख मिळावी, हा त्याचा सांगितलेला हेतू. परंतु रेशनकार्डाचे जे झाले तेच पुढे याचेही होऊ लागले. बँकेचे खाते, मोबाइलचा नंबर, शाळेतील प्रवेश, सर्वत्र तोच क्रमांक. यातून वाद न्यायालयात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये अर्ज केला होता. नागरिकास खाजगीपणाचा मूलभूत हक्क आहे काय, हा मुद्दा निघाला, तेव्हा १९५४ आणि १९६२ च्या जुन्या निकालांतील ‘नाही’ अशा अर्थाची विधाने आड आली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ती एकमताने बाजूस सारून हा हक्क मान्य केला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी बहुमताने आधार कायदा टिकला, परंतु बँक खात्यांशी व मोबाइलशी जोडण्याची सक्ती रद्द झाली आणि खाजगी कंपन्यांस या क्रमांकाचा आग्रह धरता येणार नाही, असे ठरले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तर सारा कायदाच घटनेविरुद्ध असल्याचा भिन्न निर्णय दिला. २०१९ च्या दुरुस्तीने बँका व टेलिफोन कंपन्यांस तो ग्राहकाच्या स्वखुषीने वापरण्याची मुभा मिळाली. जोहान्सबर्गचा ‘स्वखुषी’ हा शब्द एकशे अकरा वर्षांनी आपल्या कायद्यात असा अवतरला.

आता प्रत्यक्ष धोक्याचा विचार करू. ओळख पटविणे आणि ओळख साठविणे यांत महदंतर आहे. पुण्याच्या चौकशीत तोतयाची पारख झाली आणि प्रकरण मिटले. त्याचा चेहरा कोणी पेटीत भरून ठेवला नाही. आधाराच्या मूळ योजनेतही विचारणाऱ्यास ‘जुळते’ किंवा ‘जुळत नाही’ एवढेच उत्तर मिळण्याची सोय आहे. परंतु व्यवहारात हॉटेलचा कारकून, सिमकार्डाचा दुकानदार, घराचा दलाल हे सारे संपूर्ण पत्राची छबी मागतात आणि ती त्यांच्या टेलिफोनात कायमची राहते. गृहसंकुलाच्या फाटकावर पाहुण्याचे छायाचित्र आणि नंबर घेतात. तो पुढे कोठे जातो, हे पहारेकरीही जाणत नाही. सही बदलता येते, परवलीचा शब्द बदलता येतो. बोट आणि बुबुळ बदलता येत नाही. २०१८ साली तेलंगणात एक प्रकरण उघडकीस आले. जमिनीच्या खरेदीखतांवरील ठसे सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावरून उतरवून एकाने त्यांचे रबरी साचे केले आणि त्यांच्या आधारे लोकांच्या नावावर सिमकार्डे चालू केली. हर्शलने फसवणूक थांबावी म्हणून १८७७ साली खरेदीखतावर जो ठसा आणला, त्याच ठशाने १४१ वर्षांनी फसवणूक घडविली. कुलपाची किल्लीच आपण सार्वजनिक खुंटीस टांगून ठेवली होती.

याहून मोठा धोका मात्र विचारणाऱ्याच्याच वेषात येतो. आज तोतया हा ‘मी भाऊसाहेब’ म्हणून येत नाही. तो ‘मी बँकेचा अधिकारी’, ‘मी पोलीस’ म्हणून येतो. चित्रदूरध्वनीवर गणवेश दिसतो, मागे कार्यालय दिसते, ‘तुमच्या आधारावर गुन्हा नोंदला आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ असा दम दिला जातो. यास ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशास सांगितले. असा चोर आपणच शिपाई होऊन आपल्या दारात येतो आणि वर आपलीच ओळख मागतो. चोराच्या उलट्या बोंबा त्या याच. त्याच्या पाशात विशेषकरून वृद्ध, सज्जन आणि कायद्यास भिणारी माणसे सापडतात, आणि आयुष्याची पुंजी एका दुपारीत जाते.

यावर उपाय काय? इतिहासानेच तो सुचविला आहे. पहिला उपाय, शिक्का विचारावयाचा. ज्याने ओळख मागितली त्याने आधी आपली पटवावी. निरोपातील दुव्यावर बोट न ठेवता, बँकेच्या पासबुकावर छापलेल्या नंबरावर आपण होऊन विचारणा करावी किंवा सरळ शाखेत जावे. दुसरा, मोर्तब करावयाचे. कागदाची प्रत देणे भागच असेल तर तीवर आडवी रेघ ओढून कोणास, कशासाठी व कोणत्या तारखेस दिली ते लिहावे. आधारपत्राचे शेवटचे चारच आकडे दिसणारी झाकलेली प्रत मिळते, तीच द्यावी. ठसे व बुबुळे कुलूपबंद ठेवण्याची सोय आधाराच्या व्यवस्थेत आहे, तिचा उपयोग करावा. तिसरा, गोत बोलवावयाचे. भीती घालणारा नेहमी ‘कोणास सांगू नका’ असे म्हणतो, कारण चारचौघांत तोतया टिकत नाही. शेजाऱ्यास, मुलास, सोसायटीच्या चिटणिसास हाक मारावी. आणि पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

व्यक्तीने इतके करावे हे खरे. परंतु सारा भार तिच्यावरच टाकून चालणार नाही. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर होऊन टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले. माहिती कशासाठी घेतली ते सांगणे, काम संपल्यावर ती पुसणे, आणि हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. सरकारास मात्र त्यात बऱ्याच सवलती ठेवल्या आहेत, आणि त्यांविषयी जागरूक राहणे हे नागरिकांचे काम आहे. कायदा कागदावर येतो तो संसदेमुळे. तो व्यवहारात येतो तो, फाटकावरच्या वहीपुढे उभा राहून ‘हे कशासाठी?’ असे सौम्यपणे विचारणाऱ्या माणसामुळे.

शिवकाळातील मोर्तब हे मर्यादेचे चिन्ह होते. येथवर आमचा शब्द, यापुढे नाही, असे ते सांगे. ज्या सत्तेने स्वतःच्या अधिकारासही अशी मर्यादा घालून घेतली, तिचे पत्र लोक विश्वासाने मस्तकी लावीत. ओळख मागणाऱ्या आजच्या प्रत्येक संस्थेने तेवढी मर्यादा पाळली, तर आपणही आपली ओळख विश्वासाने देऊ. तोवर शिक्का विचारीत राहणे, हेच शहाणपणाचे आहे.